अनाम वाटांचे बारसे

चालण्याच्या जागेला मराठीत जितके शब्द आहेत, तितके क्वचितच एखाद्या नकाशात सापडतील. हमरस्ता, सडक, गाडीवाट, पाऊलवाट, आडवाट, पाणंद, शीवरस्ता हे झाले देशावरचे शब्द. सह्याद्रीत शिरलो की त्यांत खिंड, बारी, नाळ, नळी, निसण, शिडी यांची भर पडते. हे शब्द केवळ हौसेने झालेले नाहीत. पाणंद म्हटली की दोन्ही बाजूंस बांध किंवा कुंपण असलेली, शेतांमधून जाणारी अरुंद वाट डोळ्यांपुढे येते. नाळ म्हटली की कड्यातली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ समजावी. निसण म्हटली की तेथे हातांचाही उपयोग करावा लागणार हे ओळखावे. वाटेने कोण जाईल, काय वाहून नेता येईल आणि कोणत्या ऋतूत जाता येईल, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका शब्दात मिळते.

शहरात राहणाऱ्या आपणां मंडळींना मात्र ‘रस्ता’ हा एकच शब्द पुरतो, आणि छापील नकाशालाही तो फार काळ पुरला. अशा आडवाटा नकाशावर आणण्याचे व त्यांना नावे लावण्याचे काम गेल्या वीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी हाती घेतले आहे. ते काम कसे चालते, आणि त्यात रेघ ओढण्यापेक्षा नाव लिहिणे अधिक अवघड का ठरते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

नकाशा कोणाचा?

नकाशा हा आरंभापासून सरकारचा आणि सैन्याचा विषय होता. इंग्लंडच्या नकाशाखात्याचे ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ हे नावच तोफखान्याच्या खात्यावरून आलेले आहे. आपल्याकडे ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या महान मोजणीला प्रारंभ केला. गणिताच्या दृष्टीने हे काम अलौकिक होते, यात शंका नाही. पण त्यामागचे हेतू फौजा हलवणे, सीमा ठरवणे आणि सारा वसूल करणे हे होते. विहिरीकडे जाणारी पाऊलवाट या हेतूंच्या कक्षेत येत नव्हती.

वाटेचे ज्ञान हेही एक बळ आहे, हे मात्र राज्यकर्त्यांना नेहमी ठाऊक होते. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांनी शिलालेख कोरवले, कारण जुन्नरहून कोकणातील बंदरांकडे जाणारा व्यापार तेथून उतरत असे. १६६१ साली कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाने उतरली आणि उंबरखिंडीत सापडली. शिवाजीमहाराजांच्या माणसांना त्या रानाची जी माहिती होती, ती मोगलांच्या सरदाराला नव्हती. मात्र ही माहिती माणसांच्या डोक्यात होती. ज्यांच्या डोक्यात ती होती, ती माणसे गेली की तीही जात असे.

एक जुनी अडचण दूर होते

सामान्य माणसाने नकाशा काढावा ही कल्पना पूर्वी हास्यास्पद वाटली असती, कारण त्याच्याजवळ मोजण्याचे साधन नव्हते. ही अडचण दूर होण्याचा एक दिवस निश्चित सांगता येतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकेच्या उपग्रहांवरून आपली जागा कळते. परंतु नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, त्यामुळे उत्तर शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद करण्यात आली. शंभर मीटरांची चूक असलेल्या यंत्राला पाणंद कोणती आणि शेजारचे शेत कोणते हे सांगता येत नव्हते. चूक दहावीस मीटरांच्या आत येताच ते सांगता येऊ लागले.

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू केला. सरकारी नकाशांची माहिती महाग होती व तिच्यावर हक्कांची बंधने होती. मग ज्याला जी वाट ठाऊक आहे त्याने ती मोजावी, एका समाईक नकाशावर नोंदवावी आणि तो नकाशा सर्वांना विनामूल्य खुला असावा, अशी ही योजना होती. कोणीही भर घालावी, कोणीही चूक दुरुस्त करावी, आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी, असा तिचा व्यवहार आहे.

वाट नकाशावर कशी येते?

हे काम तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी घरी बसून होते. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेल्या चित्रावर जी फिकट रेघ दिसते, ती बिंदूबिंदूंनी गिरवायची. प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांश असतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांश चिन्हापुढे पाच आकडे लिहिले की जागा साधारण एका मीटरपर्यंत नेमकी सांगता येते.

परंतु आकडे नेमके असले म्हणजे ते खरे असतातच असे नाही. चित्रच काही मीटर सरकलेले असू शकते. दाट झाडीखाली वाट दिसत नाही, आणि कोरडा ओहोळ वाटेसारखा दिसतो. म्हणून दुसरी पायरी प्रत्यक्ष पायांनी चढावी लागते. यंत्र बरोबर घेऊन वाट चालायची आणि त्याने उमटवलेली रेघ चित्रावरील रेघेशी ताडून पाहायची. जागा ठरवण्यास किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. सह्याद्रीच्या अरुंद घळीत आकाशाचा तुकडाच लहान असतो आणि संकेत कड्यांवर आपटून येतात, तेव्हा यंत्राची रेघ दारू प्यालेल्या माणसासारखी झुलते. अशा ठिकाणी दोनचार जणांनी वेगवेगळ्या दिवशी चालून आणलेल्या रेघांवरून मधली खरी वाट ठरवावी लागते.

तिसरी पायरी वर्णनाची. ही गाडीवाट आहे की पाऊलवाट? जमीन मुरमाची, मातीची की खडकाची? पावसाळ्यात ओढा आडवा येतो काय? खाजगी आहे की सर्वांना खुली? या उपक्रमात रानातील गाडीवाटांची, पक्क्या वाटेपासून नुसत्या गवतावरच्या चाकोरीपर्यंत, अशी पाच प्रतींत वर्गवारी केलेली आहे. आपल्या मराठी शब्दांनी जे काम एका शब्दात केले, ते तेथे अशा खुणांनी करावे लागते.

या खटाटोपाचे मोल १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशातील भूकंपानंतर प्रथम जगाच्या लक्षात आले. राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. दूरदेशीच्या शेकडो स्वयंसेवकांनी नव्या चित्रांवरून काही दिवसांतच गल्ल्या आणि कोसळलेल्या इमारती नोंदवल्या, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा डोंगरातील खेड्यांच्या वाटांसाठी हेच झाले.

अमेरिकेचा धडा

रेघ चुकीची असली तर काय होते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून शिकण्यासारखे आहे. तेथील जनगणना खात्याने १९९० च्या शिरगणतीसाठी देशभरच्या रस्त्यांची माहिती यंत्रावर चढवली होती. ती सर्वांना खुली असल्याने २००७ आणि २००८ साली ती एकदम या समाईक नकाशात ओतण्यात आली. एका दमात अख्खा देश रस्त्यांनी भरला! पण ही माहिती शिरगणतीची होती; घर कोणत्या विभागात पडते एवढे कळले की तिचे काम भागत असे. त्यामुळे ग्रामीण भागात रस्ते जागचे सरकलेले होते. रानातील चाकोऱ्या वस्तीतील गल्ल्या म्हणून नोंदल्या गेल्या. कोणाच्या अंगणात जाणारी खाजगी वाट सार्वजनिक रस्ता म्हणून दिसू लागली. प्रत्येक रेघेवर ‘अद्याप तपासलेली नाही’ अशी खूण होती, आणि ती एकेक खूण काढण्यासाठी स्वयंसेवकांनी पुढील अनेक वर्षे घालवली आहेत.

अशा चुका निरुपद्रवी नसतात. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटात २००९ च्या ऑगस्टमध्ये मोटारीतील मार्गदर्शक यंत्रावर विसंबून एक स्त्री आडवाटेला लागली. अनेक दिवसांनी ती सापडली. तिचा मुलगा मात्र वाचला नाही. कोऱ्या नकाशापुढे माणूस निदान थांबतो आणि कोणाला तरी विचारतो. खोटी रेघ त्याला विचारूच देत नाही.

नावाचा प्रश्न

आता नावाकडे वळू. अमेरिकेच्या ग्रामीण भागात पूर्वी पुष्कळ घरांना टपालाचा मार्गक्रमांक आणि पेटीचा क्रमांक एवढाच पत्ता असे. टपालवाल्याला तो पुरत होता, कारण त्याला माणसे ठाऊक होती. १९६८ साली ९११ हा संकटकाळचा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि हळूहळू देशभर पसरला. तेव्हा ध्यानात आले की अग्निशामक दलाला पेटीचा क्रमांक सांगून काही उपयोग नाही. मग ठिकठिकाणी बिननावाच्या रस्त्यांना नावे द्यावी लागली, आणि एकाच टापूत दोन सारखी नावे नसावीत असे नियम करावे लागले.

स्वयंसेवकांच्या नकाशाचा नियम मात्र वेगळा आहे. तेथे नाव द्यायचे नसते. असलेले नाव शोधून लिहायचे असते. पाटी असेल तर पाटीवरचे, नसेल तर तेथील माणसे जे म्हणतात ते. दुसऱ्याच्या छापील नकाशातून ते उचलायचे नाही. एकाच वाटेला दोन नावे असतील तर दोन्ही, जुने असेल तर जुने म्हणून, आणि मराठी नाव मराठीत लिहिण्याची वेगळी सोय आहे. एखाद्या रस्त्याला खरोखरच नाव नसेल, तर ‘नाव नाही’ अशीही नोंद करता येते. जे नाही ते नाही म्हणून लिहिणे, हा या शिस्तीचा आम्हांला सर्वांत आवडलेला भाग आहे.

या शिस्तीची गरज एका प्रसिद्ध उदाहरणाने पटेल. जगातील सर्वोच्च शिखराला तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणत आले. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने त्याच्या उंचीचे गणित केले. आणि १८६५ साली नाव पक्के झाले ते निवृत्त सर्व्हेयर-जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांचे, ज्यांनी स्वतःच त्याला हरकत घेतली होती! आपल्या डोंगरांतही हाच प्रकार लहान प्रमाणावर घडू शकतो. शहरातून गेलेल्या चार उत्साही तरुणांनी एखाद्या घळीला गमतीचे नाव दिले आणि ते नकाशावर चढवले, तर पुढच्या वर्षी येणारे शंभर जण तेच उच्चारतील. सवाष्णी घाट, वाघजाई घाट, बोराट्याची नाळ, नळीची वाट ही नावे कोणी बैठक घेऊन ठरवलेली नाहीत. गुराख्याने वापरलेले नाव पुसून आपले लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तथापि ‘लोक म्हणतात ते लिहा’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोणते लोक? पुणेकर ज्याला मुंबई रस्ता म्हणतो, त्यालाच मुंबईकर पुणे रस्ता म्हणतो. येथे दोन्ही बरोबर आहेत. पण गावाने एखाद्या वस्तीच्या वाटेला त्या वस्तीतील माणसांची जात चिकटवली असेल, तर ते नाव कोणाच्या तोंडचे समजायचे? महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. ज्यांना ते नाव सोसावे लागते त्यांचा शब्द अखेरचा मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वयंसेवकाने गावाच्या चावडीवर एकदा विचारावे आणि वस्तीत जाऊन पुन्हा विचारावे.

आपल्या दाराशी

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. सर्पदंश झालेल्या माणसाचे नातेवाईक दूरध्वनीवर काय सांगतात? ‘फाट्यावरून आत या, चिंचेपाशी वळा.’ अंधारात चिंच दिसत नाही. अशा वेळी वस्तीची वाट नकाशावर असणे आणि तिला ओळखता येईल असे नाव असणे, याला किती महत्त्व आहे ते निराळे सांगायला नको. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केले. संवेदनशील ठिकाणे वगळता भारतीयांना अशा कामासाठी पूर्वपरवानगीची आवश्यकता राहिली नाही.

काही मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. स्वयंसेवकाची रेघ हा कायद्याचा पुरावा नव्हे. शेतात जाण्याच्या वाटेचा तंटा १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे चालतो, आणि तेथे महसुली गावनकाशा पाहिला जातो. रेघ ओढल्याने हक्क निर्माण होत नाही, आणि न ओढल्याने तो बुडतही नाही. तसेच प्रत्येक वाट जगापुढे मांडलीच पाहिजे असेही नाही. देवराईच्या गाभ्यात किंवा वन्य प्राण्यांच्या पाणवठ्यावर नेणारी वाट गावाने गुप्त ठेवली असेल, तर ती गुप्तच राहू द्यावी.

या सभामंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांचे एखादे गाव आहे. तेथे दिवाळीत किंवा मे महिन्यात जाणे होते. त्या गावच्या पाणंदी, ओढ्याच्या वाटा आणि टेकडीवरची गाडीवाट यांची नावे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिच्याबरोबर एक सकाळ चालावे, विचारावे, आणि ती म्हणेल तसेच्या तसे लिहून घ्यावे. नकाशावर चढवण्याचे काम मागाहूनही होईल. विचारण्याचे मात्र लांबणीवर टाकता येणार नाही.