आलापल्लीचे वनवैभव आणि आपला बिजा

वनौषधींचे उद्यान म्हटले की आखीव वाफे आणि नावांच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील ‘आलापल्लीचे वनवैभव’ पाहावयास जाताना ही कल्पना बाजूस ठेवावी. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या मार्गावरील हे अवघे ६ हेक्टरांचे जंगल १९५३ पासून मूळ स्वरूपात राखले गेले आहे. २०१४ मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून ते घोषित झाले. मान मागे टाकूनही शेंडा दिसू नये असे साग येथे उभे आहेत. निघंटूंतील ‘शाक’ तो हाच.

आम्हां वैद्यांनी मात्र या वनपट्ट्यात ऐन आणि बिजा हे दोन वृक्ष निरखून पाहावेत. असनादि गणातील असन म्हणून आपण बीजक, म्हणजे बिजा घेतो. परंतु हिंदीभाषक प्रदेशात ऐनासही ‘असना’ म्हणतात. या नामसाम्यातून घोटाळा होतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, फळास पाच पंख. बिजाची शेंग चपटी, वाटोळी, भोवती पातळ पंखाची कड. सालीस खाच पडली की रक्तवर्ण निर्यास पाझरतो. तो पाहण्याचा मोह येथे अर्थातच आवरावा!

खरी अडचण पुढेच आहे. हिरडा-बेहड्याची फळे वेचली तरी वृक्ष उभा राहतो. बिजाचे सारकाष्ठ हवे तर वृक्षच पडतो. प्रमेही रुग्णांना बिजाचे पेले देताना ते लाकूड कोठले, हे मी कैक वर्षे विचारलेच नव्हते. परतल्यावर विचारले. ‘माल चांगला आहे ना, मग झाले!’ असे उत्तर मिळाले.

तेव्हापासून परवानाधारक आरागिरणीतून, वाहतूक परवाना पाहून, उरलेले तुकडे घेतो. तुकडा पाण्यात भिजवावा. पाणी पिवळसर तपकिरी होऊन उजेडात निळसर झाक दिसली तर बिजा समजावा. भाव अधिक पडतो, कधी महिनोन् महिने माल मिळत नाही. त्या काळात निशा-आमलकीवर काम भागवितो.

जाण्यापूर्वी आलापल्लीच्या वन कार्यालयात चौकशी करावी. हिवाळ्याच्या अखेरीस दोन्ही वृक्षांची फळे झाडाखाली सापडतात. ती उचलून पाहावीत व तेथेच ठेवावीत. दुर्बीण नेल्यास शेंड्याकडील शेंगाही दिसतील.