आधी वाचन, मग छपाई : महाविद्यालयीन नियतकालिकांचा आढावा

महाविद्यालयीन नियतकालिकांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा नामवंतांच्या चरित्रांतील एका ओळीपुरताच होतो. अमुक कवीची पहिली कविता अमुक महाविद्यालयाच्या वार्षिकात प्रसिद्ध झाली, एवढी नोंद करून चरित्रकार पुढे सरकतो, आणि ती कविता ज्याने निवडली, तिच्यातील दोन कडवी ज्याने हुज्जत घालून गाळावयास लावली, त्या विद्यार्थी-संपादकाचे नाव त्या नोंदीत कोठेही आढळत नाही.

लेखक आणि संपादक यांच्यातील या सहकार्याचे मूळ शोधू गेल्यास ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत, प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने १८४८ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या सभेत सापडते. या सभेची मराठी शाखा दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली चालू झाली, आणि १८५० पासून तिचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. सभासदाने निबंध लिहावा, तो मंडळींसमोर वाचावा, मंडळींनी त्याचा ऊहापोह करावा आणि मग तो मजकूर छापखान्याकडे रवाना व्हावा, असा तेथला शिरस्ता होता. लेखकाला आपला पहिला वाचक छपाईपूर्वीच भेटावा, ही त्या शिरस्त्यातील खरी मातब्बर गोष्ट होय, आणि पुढील काळातील विद्यार्थी-नियतकालिकांचे बरेवाईट मी तरी याच एका कसोटीवर ठरवीत आलो आहे.

या कसोटीला आपली रूढ वार्षिके क्वचितच उतरतात. प्राचार्यांचे मनोगत, विविध मंडळांचे अहवाल, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि मराठी, हिंदी, इंग्रजी असे भाषावार विभाग, अशी त्यांची ठरीव रचना. प्रत्येक विभागाला एक विद्यार्थी-संपादक आणि सर्वांवर प्राध्यापकांचा अंमल. परीक्षेपूर्वी अंक निघावा या घाईत संपादकाचे काम लेखकांच्या मागे तगादा लावून मजकूर गोळा करण्यापुरते उरते, आणि निवडीचा व दुरुस्तीचा अधिकार कोणाच्याही लक्षात न येता प्राध्यापकांच्या टेबलावर जाऊन बसतो. प्राध्यापकांचा हेतू शुद्धच असतो. पण गुरुजनांनी केलेली दुरुस्ती विद्यार्थी हुकूम म्हणून स्वीकारतो, तर बरोबरीच्या मित्राने सुचविलेल्या दुरुस्तीशी तो भांडतो, आणि त्या भांडणात आपले वाक्य आपण असेच का लिहिले, हे त्याला प्रथमच सांगावे लागते.

खिळ्यांच्या छपाईचा जमाना होता तेव्हा या भांडणाला एक व्यावहारिक आधार होता. छापखान्यात टाइप मोजका असे. जुळविलेली पाने छापून सुटल्याखेरीज पुढील फर्म्याला खिळे मिळत नसत, आणि मुद्रितात एखादे वाक्य नव्याने घुसविले तर त्याखालच्या ओळी, प्रसंगी पुढची पानेही, सरकवावी लागत. सबब लेखाची खरी छाननी हस्तलिखितावरच उरकणे भाग पडे. संगणकाने दुरुस्ती फुकट केली आणि त्याबरोबर वाचनही लांबणीवर टाकले. शेवटच्या रात्री शुद्धलेखन तपासले की संपादन झाले, अशी समजूत आता रूढ झाली आहे.

याउलट हस्तलिखित अंकांची परंपरा मला अधिक आदरणीय वाटते. तेथे प्रत एकच. सुवाच्य अक्षराचा एखादा विद्यार्थी सर्वांचे लेखन उतरवून काढतो, दुसरा शीर्षके व सजावट रंगवितो. स्वतःच्या हाताने पाच पाने नकलणाऱ्याला त्यातील पाल्हाळ जितका जाणवतो तितका कोणत्याही परीक्षकाला जाणवत नाही, म्हणून हा नकलनवीस पुष्कळदा मंडळातील सर्वांत कठोर संपादक ठरतो. शेवटी अभिप्रायासाठी कोरी पाने सोडलेली असतात, आणि त्यांवरील मजकूर कित्येकदा अंकातील कवितांपेक्षा सरस असतो.

महाविद्यालयाच्या चौकटीबाहेर पडलेल्या उपक्रमांतही हाच धागा दिसतो. १९५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले, तेव्हा चित्रे जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. लेखक, संपादक आणि वाचक यांच्यातील भिंती तेथे जवळजवळ नव्हत्याच. परंतु सर्वांत फलदायी उदाहरण औरंगाबादचे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे १९५० साली काढलेल्या आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेच्या परिसरात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे आदी मंडळींनी जे वाङ्मयीन वातावरण उभे केले, त्यातून ‘अस्मिता’ हे नियतकालिक आणि त्यामागोमाग १९६८ साली ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक जन्मास आले. पानतावण्यांनी ते त्रैमासिक अनेक दशके चालविले, आणि प्रस्थापित नियतकालिकांच्या उंबरठ्यावर ताटकळलेल्या अनेक दलित लेखकांना तेथे छापखाना लाभला, तसा आपला अनुभव परका न मानणारा संपादकही लाभला. महाविद्यालयाच्या परिसरातील अशा वातावरणातून पुढे एका वाङ्मयीन चळवळीचे व्यासपीठ उभे राहू शकते, हे मिलिंदइतके ठळकपणे मराठीत अन्यत्र दिसत नाही.

मात्र या सर्व व्यवहाराचे दप्तर आपण राखलेले नाही. संपादक मंडळ दरसाल बदलते. ग्रंथालयात बांधीव अंक राहतो, पण तांबड्या शाईने खोडलेले मसुदे आणि त्यांवरील वादाच्या चिठ्ठ्या मुद्रणालयातूनच रद्दीत जातात. प्रत्येक वार्षिकासोबत त्याच्या मसुद्यांची एक फाइल त्याच कपाटात ठेवावी, एवढी तजवीज कोणत्याही महाविद्यालयाला करता येण्याजोगी आहे, आणि तिला विद्यापीठाच्या मंजुरीची गरजही पडू नये.