बाजेची वीण आणि रक्तातला विळा

गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या एखाद्या गावात सिकलसेलची तपासणी चालते तेव्हा बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या, तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. माणूस ‘एएस’, म्हणजे नुसता वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, हे तिथं ठरतं.

द्रावण गढूळ का होतं? त्यातली रसायनं लाल पेशी फोडतात आणि हिमोग्लोबिनकडचा ऑक्सिजन काढून घेतात. ऑक्सिजन गेला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो. सिकलचं हिमोग्लोबिन नेमकं याच बदललेल्या आकारात एकमेकांना चिकटून लांब दोरे वळतं. शरीरात हे दोरे लाल पेशीला आतून ताणून विळ्यासारखी वाकवतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकू लागतात.

हा आजार इथे नवा नाही. गोंड, माडिया, परधान अशा समाजांत तो आढळतो, विदर्भातल्या अनुसूचित जातींतही आढळतो. जंगलपट्ट्यात मलेरिया जुना आहे आणि वाहकाला तीव्र मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं. म्हणून हे जनुक टिकून राहिलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत आल्यावर सुरुवातीचं संशोधन सिकलसेलवरच केलं होतं. मात्र गावकऱ्यांना तो आपला प्रश्न वाटला नाही, हे ते स्वतःच सांगत आले आहेत.

दोष आहे एवढासा. 1949 साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याला रेणूचा आजार म्हटलं. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बोट ठेवलं: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. सगळ्या साखळ्यांत मिळून 574 अमिनो आम्लं, त्यांतली दोन बदललेली. कारण बीटा साखळ्या दोन असतात. पण व्हॅलिन तर ऑक्सिजन असतानाही तिथेच असतं. मग ते तेव्हा का चिकटत नाही?

उत्तर हालचालीत आहे. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये हिमोग्लोबिनची रचना उलगडली आणि 1962 चं नोबेल मिळवलं. या रेणूच्या दोन अवस्था आहेत: ऑक्सिजन नसताना ताणलेली, ऑक्सिजन घेतल्यावर सैल. एकीतून दुसरीत जाताना त्याची एक जोडी (एक अल्फा आणि एक बीटा साखळी) दुसरीच्या तुलनेत सुमारे 15 अंश फिरते. ताणलेल्या अवस्थेत शेजारच्या रेणूवर एक खाच नीट जुळून येते आणि व्हॅलिन तिच्यात फिट्ट बसतं. सैल अवस्थेत ते जमत नाही.

एवढा मोठा रेणू फिरतो कसा, हे गणितानं शोधण्याची एक पद्धत म्हणजे नॉर्मल मोड. सुंभानं विणलेली बाज आठवा. एका कोपऱ्यावर बसलं की ताण विणीतून पसरत जातो. कुठे सुंभ करकचतं, कुठे जागचं हलतही नाही. तशीच वीण संगणकात रचताना प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागी एक मणी ठेवायचा आणि जवळच्या मण्यांना स्प्रिंगनं बांधायचं. मोनिक टिरियन यांनी 1996 मध्ये प्रथिनांसाठी असं स्प्रिंगांचं सोपं मॉडेल मांडलं, पुढे इवेत बहार आणि इतरांनी ते मण्यांवर आणलं. 574 मणी म्हणजे 1716 प्रकारची थरथर. त्यातली बहुतेक बांबूच्या पानांच्या फडफडीसारखी: जलद, छोटी, स्थानिक. मोजक्या थरथरी मात्र अख्ख्या बांबूच्या झुलण्यासारख्या संथ, आणि प्रथिनाची कामं सहसा याच करतात.

हिमोग्लोबिनवर नॉर्मल मोडचं गणित 1996 मध्ये मुआवाद आणि पेराहिया यांनी, 2003 मध्ये बहार यांच्या गटानं केलं. ताणलेल्या रचनेपासून सैल रचनेकडे नेणारी वाट या मोजक्या संथ थरथरींतच सापडली. प्रत्येक जोडीच्या आत वीण घट्ट राहते. दोन जोड्या जिथे एकमेकींना टेकतात, सरकासरक तिथे होते.

आता गंमत अशी, की या सोप्या मॉडेलला सगळे मणी सारखे. ग्लुटामिक आम्ल काय, व्हॅलिन काय, त्याला फरक कळत नाही! निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनची थरथर त्यात जवळपास एकच येते. पद्धतीची ही मर्यादा आहेच. पण खऱ्या रचनाही फारशा वेगळ्या नाहीत. म्हणजे सिकलमध्ये हालचाल बिघडत नाही. निरोगी हालचालीतच व्हॅलिनला चिकटायची संधी सापडते.

औषधं शोधणाऱ्यांनी हीच फट धरली. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हॉक्सेलोटर अल्फा साखळीच्या टोकाला बसून रेणूला सैल अवस्थेत धरून ठेवायचं. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनं सुरक्षिततेच्या कारणावरून ते जगभरातून मागे घेतलं. वेगळ्या वाटेनं काम करणारं जुनं हायड्रॉक्सियुरिया मात्र आजही दिलं जातं.