धर्म बदलला, सोयरिकीचे काय?

कुटुंब, विवाह, धर्म आणि शिक्षण या समाजाच्या मूलभूत संस्था आहेत, असे समाजशास्त्राची पुस्तके सांगतात. पुस्तकात ही चार प्रकरणे वेगवेगळी असतात. आपल्या घरात मात्र ती एकाच छपराखाली नांदतात. मुलगी पदवीधर झाली की तिच्या लग्नाचे बोलणे निघते. लग्न बौद्ध पद्धतीने लावायचे, यावर सर्वांचे एकमत असते. आणि मग घरातले कोणीतरी वडीलधारे हळूच विचारतात, "स्थळ आपल्यातलेच आहे ना?" या शेवटच्या प्रश्नाविषयी आज आम्हाला वाचक बंधु-भगिनींशी बोलायचे आहे.

धर्म आणि शिक्षण या दोन संस्थांत आपण जी मजल मारली, तिच्यात आमच्या नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याच्या आघाडीवर होते आणि आपल्या माता-भगिनीही त्यात उतरल्या होत्या. ३ मार्च १९३४ च्या पत्रात परमपूज्य बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळवले की, समाजाला जागे करण्याचे सत्याग्रहाचे काम झाले आहे. आता सारी शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर लावावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती प्रत्यक्षात आली.

त्याचे फळ आपल्यासमोर आहे. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता शेकडा ६४.८ होती, तर बौद्धांची ७२.७. स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण ५३.७ आणि बौद्ध स्त्रियांचे ६१.७ होते. ज्या घरातली आजी अंगठा उठवीत होती, त्या घरातल्या नातीने हे घडवले आहे.

विवाहाच्या बाबतीत मात्र आपण इतके पुढे गेलो, असे म्हणवत नाही. पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापले, वधूवरांना शुभ्र वस्त्रे नेसवली, त्रिसरण-पंचशील झाले, म्हणजे विधी बदलला. सोयरीक कोणाशी करायची, हे बदलले का? वधू-वर मेळाव्याच्या अर्जात 'बौद्ध' लिहायचे आणि बाजूला घेऊन पोटजात विचारायची, हा अनुभव पुष्कळांना असेल. साडेबारा पोटजातींची जुनी गणती अजून कोणाकोणाच्या मनात शिल्लक आहे. मातंग, चर्मकार किंवा इतर मागास समाजांतून धम्मात आलेल्या कुटुंबाचे स्थळ आले, तर त्रिसरण तेच असूनही बोलणी पुढे सरकत नाहीत.

ही गोष्ट किरकोळ नाही. ९ मे १९१६ रोजी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २५. एका गोत्रात लग्न न करणे, म्हणजे बहिर्विवाह, ही आपल्या समाजाची जुनी चाल. तिच्यावर जातीतच लग्न करण्याचे, म्हणजे अंतर्विवाहाचे, बंधन लादले गेले आणि त्यातून जात तयार झाली, असे त्यांनी मांडले. हे कुंपण टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली आल्या, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे जातीची किंमत प्रथम स्त्रीने मोजली.

याचा पुरावा आम्हा नाशिककरांना त्रिरश्मी लेण्यांत वाचायला मिळतो. तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. लेणे तिने भिक्खुसंघाला दान दिले. पण त्याच लेखात आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे गौरवाने नोंदवले. दान संघाला आणि गौरव वर्ण वेगळे राखल्याचा! जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर आपण विहाराला देणगी देतो आणि सोयरिकीत पोटजात पाहतो, तेव्हा वेगळे काय करतो?

वडीलधाऱ्यांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये नगर जिल्ह्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून तीन तरुणांची हत्या झाली. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि २०१८ मध्ये आरोपींना दोषी ठरवण्यात आले. अशा बातम्या वाचल्यावर आईबापांच्या पोटात गोळा येणारच. पण बौद्धाने बौद्धाशी सोयरीक करताना ही भीती कुठे आहे? तिथे आड येते ती फक्त आपली सवय. निदान तेवढे पाऊल तरी आपल्याच हातात आहे. आणि तिथेही थांबून चालणार नाही. कारण बाबासाहेबांचेच सूत्र लावले, तर जो समाज केवळ आपसात लग्ने करतो तो जात बनतो. 'बौद्ध' हे नाव एका जुन्या जातीचे नवे नाव होऊन बसले, तर येवल्याची घोषणा कशासाठी होती?

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना पापापासून आवरणे, सदाचरणाला लावणे, विद्या शिकवणे, अनुरूप जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे. धम्म, शिक्षण, विवाह आणि कुटुंब या चारही गोष्टी त्यात आल्या. जोडीदार 'अनुरूप' असावा एवढेच तिथे आहे. त्याचा अर्थ 'जातीतला' असा आपण लावतो. विचार जुळणे, शील, शिक्षण, व्यसन नसणे, पत्नीला मान देणे, हे अनुरूपतेत बसत नाही काय?

कायदाही आड येत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लागलेले लग्न तो मानतो. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. लग्न कसेही लागो, त्याची नोंदणी मात्र जरूर करावी. पुढे मुलीच्या हक्काचा प्रश्न आला, तर तो कागदच उपयोगी पडतो.

शेवटी एक विनंती. मुले घरातले बोलणे ऐकूनच घडतात. विहारात समतेची प्रतिज्ञा म्हणायची आणि घरी येऊन पोटजातीची चौकशी करायची, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून यंदा घरात लग्नाचे बोलणे निघेल तेव्हा वडीलधाऱ्यांनी पहिला प्रश्न मुलीलाच विचारावा, "बाई, तुला कसा जोडीदार हवा?" आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. सोयऱ्यांचे प्रश्न त्यानंतर.

जयभीम!