मशीद बंदरची ‘मशीद’ कोणाची? जाणून घ्या मुंबईच्या मराठी ज्यूंचा इतिहास

चाळीसगावहून मुंबईला जाणारी गाडी सीएसएमटीत शिरण्यापूर्वी मशीद बंदर मागे टाकते. या स्थानकाचे नाव ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, म्हणजे सिनेगॉगवरून पडले, असे सांगितले जाते. ते उभारणाऱ्या समाजाची मातृभाषा मराठी.

बेने इस्रायली कोण?
परंपरेनुसार, यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. वाचलेली कुटुंबे कोकणात स्थिरावली, तेलघाण्याचा व्यवसाय करू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावावरून आडनावे पडली: दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर. नवस फेडताना आजही पोहे, गूळ, खोबऱ्याचा ‘मलिदा’ होतो.

मुंबईत कसे आले?
अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आणि पुढे रेल्वे, टपाल खात्यात नोकऱ्या मिळाल्या. फौजेतील सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युअल दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. सुटकेनंतर 1796 मध्ये त्यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

ससून घराणे मात्र वेगळे. ते बगदादहून 1830 च्या दशकात आलेले व्यापारी. 1875 ची ससून गोदी आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही त्यांची ओळख.

ओळखीचे चेहरे
• डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर: 1937 मध्ये मुंबईचे महापौर. वरळीचा डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्या नावाचा.
• जोसेफ डेव्हिड पेणकर: पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’चे (1931) लेखक.
• डेव्हिड अब्राहम चेऊलकर: ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचा.
• निस्सीम इझिकेल: इंग्रजीत लिहिणारे कवी, 1983 चे साहित्य अकादमी पुरस्कारविजेते.

समाज कमी का झाला?
1948 मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली. तिथे लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मगुरूंनी शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. इतके होऊनही त्यांनी मराठी सोडली नाही. इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले.

आज स्थिती काय?
देशात आता जेमतेम काही हजार ज्यू उरले आहेत. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे सरकारी नोंदीत ‘इतर’ऐवजी स्वतःची ओळख आणि शिक्षणसंस्था चालवण्याचे हक्क मिळाले. खरी अडचण मात्र वेगळी आहे. परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. ज्या गावांतून ही आडनावे आली, तिथल्या अनेक सिनेगॉगमध्ये आता तेवढे जमवणेही कठीण झाले आहे.