बेटाची मालकीण

जिमी हेंड्रिक्सच्या फॅन्सना ‘आयल ऑफ वाइट’ हे नाव पाठ असतं. १९७० साली तिथल्या फेस्टिव्हलमध्ये त्यानं गिटार वाजवली आणि तीन आठवड्यांच्या आत तो गेला. पण या बेटाची खरी रॉकस्टार त्याच्या सातशे वर्षं आधीची. नाव इझाबेला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरचं हे बेट राजा पहिल्या हेन्रीनं ११००च्या सुमारास रिचर्ड द रेडव्हर्सला दिलं. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं रेडव्हर्स घराणं म्हणजेच तिथलं सरकार! १२६२मध्ये घराण्याचा कर्ता पुरुष बाल्डविन वारला. मूलबाळ मागे नाही. सगळं आलं बहीण इझाबेलाकडे. वय पंचवीस. नवरा दोन वर्षांपूर्वीच गेलेला, पदरात लहान मुलं. सासरचा वाटा, माहेरचं डेव्हन आणि वर हे बेट. म्हणजे देशातल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक.

मग काय, स्थळांची रांगच लागली. विधवेवर लग्नाची जबरदस्ती करायची नाही, असं मॅग्ना कार्टात १२१५ सालीच लिहिलं होतं. पण कागद वेगळा आणि व्यवहार वेगळा. अशा बाईच्या लग्नाचा ‘हक्क’ चक्क दिला-घेतला जायचा! बंडखोर सरदार सायमन द मॉन्टफर्टचा त्याच नावाचा मुलगा तर तिच्या मागेच लागला. ती ब्रिमोरच्या मठात लपली, तिथून वेल्सला पळाली, पण हो म्हणाली नाही. नंतर राजपुत्र एडमंडचं नाव पुढे आलं. शेवटी १२६९मध्ये त्याचं लग्न तिच्या दहा वर्षांच्या मुलीशी, अ‍ॅव्हलिनशी झालं. १२७४मध्ये तीही गेली. सहा मुलांपैकी एकही उरलं नाही.

इझाबेलानं पुन्हा लग्न केलंच नाही. कॅरिसब्रुकच्या किल्ल्यात राहून कारभार पाहिला, बांधकामं काढली, कोर्टकचेऱ्या लढवल्या.

बेटावर राजा पहिल्या एडवर्डचा डोळा होताच. फ्रान्सच्या समोरची ही जागा सरदाराच्या हाती कशी ठेवायची? नोव्हेंबर १२९३मध्ये लंडनजवळ स्टॉकवेलला इझाबेला मरणपंथाला लागली. राजाचा विश्वासू बिशप अँटनी बेक तिच्या उशाशी पोचला. दस्त घाईघाईनं तयार झाला, तिला वाचून दाखवला, शिक्का उमटला. किंमत सहा हजार मार्क, म्हणजे चार हजार पौंड. त्याच रात्री ती गेली. पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध पेटलं.

वारस ह्यू द कूर्टनीला डेव्हनच्या जमिनी मिळाल्या, बेट नाही. त्या रात्रीच्या सौद्यावर पुढे वाद झाला, चौकशीही झाली. बेट राजाकडेच राहिलं.

आयुष्यभर भल्याभल्यांना ‘नाही’ म्हणणारी बाई शेवटच्या काही तासांत खरंच ‘हो’ म्हणाली का? कदाचित म्हणालीही असेल. मुलं नव्हतीच, मग ठेवायचं कुणासाठी? पण तो ‘हो’ ऐकायला खोलीत जे हजर होते, त्यांच्यातला मुख्य माणूस राजाचा होता.

पोर्ट्समथहून फेरीनं बेटावर गेलात, तर कॅरिसब्रुक चुकवू नका. तिथे पर्यटक येतात ते विहिरीचं पाणी ओढणारी गाढवं बघायला. तुम्ही मात्र जरा पुढे जाऊन मालकिणीचं घरही बघून या.