इंजिन ओढत का नाही? आधी वजन बघा!

पातालपाणी–कालाकुंडचा घाट पाहिलेल्या इंदूरकरांना 1:40 चा चढ वेगळा सांगायला नको. 40 मीटर पुढे, 1 मीटर वर. मीटरगेज गाड्यांना तिथे मागून दुसऱ्या इंजिनाचा रेटा द्यावा लागे. तोच चढ मी घरच्या एचओ (1:87) लेआउटवर केला आणि आमचं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसलं!

दोष मोटरचा नव्हता. इंजिन ओढतं ते चाक-रुळाच्या घर्षणावर, आणि घर्षण ठरतं चालत्या (मोटरने फिरणाऱ्या) चाकांवरच्या वजनावर. समजा इंजिन 300 ग्रॅमचं आणि पकड वजनाचा पाचवा हिस्सा. म्हणजे ओढ फक्त 60 ग्रॅम. 100 ग्रॅमच्या डब्याला सपाटीवर अडीच ग्रॅम ओढ लागते असं धरलं, तर 24 डबे निघतात. 1:40 वर हाच हिशेब डब्याला 5 ग्रॅम होतो, शिवाय इंजिनाला स्वतःलाच वर न्यायला साडेसात. उरले जेमतेम 10 डबे!

टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची चिकट वजनं मिळतात, ती बॉडीत आतून लावा. भार सगळ्या चालत्या चाकांवर सारखा यायला हवा. पण हावरटपणा नको. गाडी हाताने अडवल्यावर चाकं घसरलीच पाहिजेत. नाही घसरली तर मोटर अडकून जळते. (वजनं शिशाची असतील तर हाताळल्यावर हात धुवा.)

तुमचं इंजिन किती ग्रॅमचं? स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडा खाली लिहा.